संगणकाची दुसरी किल्ली

"फॉरमॅट मारावा लागेल." संगणक दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आता आपल्या वस्त्यांत सापडणं कठीण. संगणक सुरू होत नाही, निळा पडदा येतो, किंवा कंपनीचं नाव दिसतं आणि गाडी तिथंच अडकते. आपण तो उचलून दुकानात नेतो. दुकानातला मुलगा दोन-चार बटणं दाबून हे वाक्य बोलतो आणि आपण मान हलवतो. संध्याकाळी संगणक चालू होऊन घरी येतो, पण त्यात आपलं काहीच उरलेलं नसतं. प्रश्नपत्रिका गेलेल्या असतात, निकालपत्रकं गेलेली असतात, मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद गेलेले असतात. उर्दू टाईप करायची सोय गेलेली असते आणि मराठीचे फॉन्टही. वर जी विंडोज टाकलेली असते ती कुठून आली, हे ना आपण विचारतो, ना तो सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे टाळता येतं. ते टाळण्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. घराला कुलूप लावताना आपण दुसरी किल्ली करून घेतो आणि ती घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे ठेवतो. संगणकाचीही अशी दुसरी किल्ली असते. तिला बूट होणारी डिस्क म्हणतात. पूर्वी ती फ्लॉपीवर असे, मग सीडी-डीव्हीडीवर आली, आता बहुतेक वेळा पेनड्राइव्हवर असते. प्रत्येक शाळेत आणि संगणक असलेल्या प्रत्येक घरात ती असलीच पाहिजे आणि ती आपल्या हातानं बनवता आली पाहिजे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. आपण बटण दाबतो तेव्हा विंडोज लगेच जागी होत नाही. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटासा प्रोग्राम असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आताच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. तो सगळ्यात आधी उठतो आणि शोधू लागतो की कामकाज कुणाच्या हवाली करायचं. नेहमी त्याला आतली हार्ड डिस्क सापडते. तिथली व्यवस्था बिघडली असेल, तर तो दुसरा पर्याय बघतो. त्या वेळी बाहेरून लावलेल्या डिस्कवर त्याला समजेल अशा पद्धतीनं सुरुवातीचा भाग लिहिलेला असेल, तर संगणक तिच्यावरून सुरू होतो. म्हणूनच इंटरनेटवरून उतरवलेली आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर उपयोग होत नाही. ती बूट होईल अशा रीतीनं लिहावी लागते. पुस्तकाची पानं पिशवीत भरली म्हणून पुस्तक तयार होत नाही. ती क्रमानं लावून शिवावी लागतात.

जुन्या काळी ही डिस्क संगणकाबरोबरच मिळायची. विंडोज एक्सपी 2001 मध्ये आली तेव्हा ती 700 एमबीच्या एका सीडीत मावत होती. विंडोज 7 ला डीव्हीडी लागली. उबंटू या मोफत लिनक्सची सीडी तर 2011 पर्यंत मागणी केल्यावर टपालानं फुकट घरपोच यायची. मग कंपन्यांनी खोक्यात डिस्क देणं हळूहळू बंद केलं. त्याऐवजी हार्ड डिस्कचाच एक कोपरा राखून तिथं परत बसवण्याची सामग्री ठेवू लागले. सोय म्हणून हे बरं वाटतं. पण हार्ड डिस्कच मेली तर तो कोपराही तिच्याबरोबर मरतो. दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे हे.

आता एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण बरेच सुशिक्षित लोकही यात चुकतात. "माझ्याकडे बॅकअप आहे" असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींपैकी नेमकी कोणती आपल्याकडे आहे, हे माहीत असायला हवं. पहिली, इन्स्टॉलेशन डिस्क. ती कोरी विंडोज किंवा लिनक्स परत बसवते, पण तुमची फाईल किंवा तुमचा फॉन्ट परत आणत नाही. दुसरी, तुमच्या फाईलींची प्रत. ती पत्रं, फोटो, तक्ते सांभाळते, पण बंद पडलेला संगणक सुरू करत नाही. तिसरी, संपूर्ण डिस्कची प्रतिमा. तिला इमेज म्हणतात. विंडोज, त्यावर बसवलेले प्रोग्राम, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरची जोडणी, सगळं जसंच्या तसं तिच्यात असतं. शहाण्या माणसानं तिन्ही ठेवावीत. पण सुरुवात पहिलीपासून करावी, कारण तीच सगळ्यात स्वस्त आणि सोपी आहे, आणि फाईली वाचवण्याची संधीही पुष्कळदा तीच देते. विंडोज बिघडली याचा अर्थ फाईली गेल्या असा होत नाही. हार्ड डिस्क धडधाकट असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, आत काहीही न बसवता, फाईली दुसरीकडे उतरवून घेता येतात. दुकानातल्या मुलाला एवढा वेळ नसतो. आपल्याला असतो.

ती बनवायची कशी? किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. आताची विंडोज साध्या 4.7 जीबीच्या डीव्हीडीत मावत नाही, त्यामुळे डीव्हीडीचा हट्ट सोडावा. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जाणार आहे, म्हणून तो रिकामा करून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मीडिया क्रिएशन टूल नावाचा छोटा प्रोग्राम फुकट मिळतो. तो विंडोज उतरवून पेनड्राइव्ह तयार करून देतो. आयएसओ फाईल आधीच हातात असेल, तर रुफस हा मोफत प्रोग्राम तेच काम करतो. एकाच पेनड्राइव्हवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायची असतील, तर व्हेन्टॉय वापरावं. ते एकदा बसवलं की आयएसओ फाईली नुसत्या कॉपी करायच्या आणि सुरू करताना यादीतून हवी ती निवडायची. संगणक सुरू करताना कंपनीनुसार एफ12, एफ9, एफ2, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एखादं बटण दाबलं की पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा पर्याय येतो. आपल्या यंत्राचं बटण कोणतं ते आजच शोधून त्या पेनड्राइव्हच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावं. आणि एकदा तरी त्यावरून संगणक सुरू करून पाहावा, पहिला पडदा आला की बंद करावा. न तपासलेली किल्ली कुलपात फिरेलच असं नाही.

फाईल कुठून घेतली, याला फार महत्त्व आहे. आपल्या परंपरेत हदीस सांगणाऱ्याला बुजुर्ग आधी सनद विचारत. हे तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, आणि ती माणसं भरवशाची होती का? मजकूर कितीही चांगला असला तरी साखळी कच्ची असेल तर तो मानला जात नसे. संगणकाच्या जगातही हीच शिस्त आहे. मूळ प्रकाशक आपल्या आयएसओ फाईलचा एक ठसा जाहीर करतात. एसएचए-256 नावाच्या पद्धतीनं काढलेली ही 64 अक्षरांची ओळ असते. फाईलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी ही ओळ पूर्ण बदलते. आपण उतरवलेल्या फाईलचा ठसा काढायचा आणि प्रकाशकाच्या ठशाशी ताडून पाहायचा. रुफसमध्ये त्यासाठी बटणच आहे. जुळला तर फाईल वाटेत खराब झालेली नाही आणि कुणी तिच्यात काही मिसळलेलंही नाही. कुणीतरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या 'फुल व्हर्जन'च्या लिंकला अशी कुठलीच सनद नसते.

इथं दुकानातल्या विंडोजचा विषय काढावाच लागतो. दुरुस्तीचं काम करणारी मुलं बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातली, मेहनती, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली असतात. त्यांना नावं ठेवणं हा माझा हेतू नाही. गिऱ्हाईकाला एका दिवसात आणि थोडक्या पैशांत काम हवं असतं, म्हणून ते हाताशी असलेली क्रॅक केलेली विंडोज टाकतात. पण याची गरजच नसते अशी कितीतरी यंत्रं त्यांच्याकडे येतात. विंडोज 8 पासून, विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेला असतो. त्याच प्रकारची विंडोज परत बसवली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप अधिकृत होते. वेगळे पैसे लागत नाहीत. म्हणजे ज्या वस्तूची किंमत आपण लॅपटॉप घेताना चुकवलेली आहे, तीच वस्तू चोरीच्या मार्गानं परत घरात आणतो. शिवाय अशी विंडोज चालू राहावी म्हणून अँटिव्हायरस आणि अपडेट बहुधा बंद केलेले असतात. त्या यंत्रावर मग आपण बँकेचा व्यवहार करतो आणि शाळेतल्या मुलांची आधार क्रमांकासह माहिती सरलवर भरतो. ही माहिती आपल्याकडे अमानत आहे. अमानत ज्या पेटीत ठेवायची, तिचं कुलूप फोडलेलं असून कसं चालेल?

आता भाषेबद्दल, कारण उर्दू आणि मराठी अशा दोन लिप्यांत काम करणाऱ्यांचं नुकसान दुप्पट होतं. उर्दूचं छापील काम वर्षानुवर्षं इनपेजवर झालं. त्याच्या जुन्या आवृत्त्या युनिकोड वापरत नव्हत्या. मराठीतही श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत हजारो पानं टाईप झाली. या फाईलींची खासियत अशी की फाईल वाचली पण प्रोग्राम किंवा फॉन्ट गेला, तर ती असूनही नसल्यासारखी होते. मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. इनपेजची जुनी फाईल तर उघडतच नाही. पेनड्राइव्हवर फाईली ठेवून निर्धास्त झालेल्या माणसाला हा धक्का फॉरमॅट झाल्यावरच बसतो.

अशांसाठी संपूर्ण डिस्कची प्रतिमा फार मोलाची आहे. क्लोनझिला हा तैवानमध्ये विकसित झालेला मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू होतो आणि संगणकाच्या पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढतो. सहसा तो फक्त वापरलेला भाग उचलतो, त्यामुळे 500 जीबीच्या डिस्कवर 80 जीबीच भरलेली असेल तर प्रतही आटोपशीर राहते. एक अट लक्षात ठेवावी. ती प्रत परत ज्या डिस्कवर बसवायची, ती मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. सगळं नीट चालत असताना, फॉन्ट-प्रिंटर सगळं जोडून झाल्यावर एकदा ही प्रत काढली, की पुढं कधीही तो दिवस जसाच्या तसा परत आणता येतो. सोबत जुनं लिखाण हळूहळू युनिकोडमध्ये आणणं हेही केलंच पाहिजे. नस्तालिक आता विंडोजबरोबर येतं आणि नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मोफत आहे. त्यामुळे नव्या मजकुरासाठी जुन्या वाटेनं जायचं फारसं कारण उरलेलं नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो की आता सगळं ऑनलाईन असतं, मग डिस्क कशाला? याचं उत्तर 19 जुलै 2024 या दिवसानं दिलेलं आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर विंडोजचे संगणक निळा पडदा दाखवून वारंवार बंद-चालू होऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशा यंत्रांची संख्या 85 लाख होती. विमानं रखडली, रुग्णालयांची कामं अडली. आपल्याकडेही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष देणारी फाईल काही तासांत सापडली होती आणि ती पुसणं एवढाच उपाय होता. पण जो संगणक सुरूच होत नाही, त्याला इंटरनेटवरून औषध पाजणार कसं? पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन ते काम हातानं करावं लागलं. मायक्रोसॉफ्टनं लगोलग त्यासाठी बूट होणाऱ्या पेनड्राइव्हचं साधन दिलं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्या दिवशी पेनड्राइव्ह शोधावा लागला, त्या दिवसानंतर तरी "सगळं ऑनलाईन आहे" ही सबब पुरे झाली.

दुसरं कारण शाळांच्या दृष्टीनं जास्त निकडीचं आहे. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ मिळाली, पण तीही तात्पुरतीच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपल्या अनेक शाळांच्या संगणक खोल्यांतली यंत्रं त्यात बसत नाहीत. ती भंगारात घालायची का? देणगीतून, लोकवर्गणीतून, कुणाच्या जकातीतून नव्हे तर लिल्लाह रकमेतून आलेली ही यंत्रं आहेत, आणि त्यांतली बरीचशी अजून चालतात. लिनक्स मिंट किंवा सी-डॅकनं भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली बॉस लिनक्स त्यांवर बसू शकते. त्यासाठी लागतो तो हाच बूट होणारा पेनड्राइव्ह. आधी काहीही न पुसता त्यावरून लिनक्स चालवून बघायची, उर्दू-मराठी टाईप होतं का, प्रिंटर चालतो का ते पाहायचं, मगच ठरवायचं.

हे स्वप्नरंजन नाही. केरळमध्ये 2001 साली आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला, पुढं त्याचं काइट या सरकारी कंपनीत रूपांतर झालं. तिथल्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला, आपल्या भाषेसह आपल्या गरजेप्रमाणे लिनक्स तयार करून घेतली आणि शिक्षकांना ती शिकवली. लिटल काइट्स नावाचे विद्यार्थ्यांचे गटही शाळाशाळांत उभे राहिले. केरळचा शिक्षक आपल्याहून वेगळ्या मातीचा नाही. त्याला कुणीतरी सांगितलं की हे तुझं काम आहे, आणि त्यानं ते मानलं.

आपल्याकडे मात्र "आम्ही भाषेचे शिक्षक, हे आमचं काम नाही" असं म्हणून विषय संपतो. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फाईलला लावलेलं असतं, पण यंत्र अडलं की आपण निरक्षर माणसासारखे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात आपण शिकवायचो की अंगठा उठवणाऱ्याला कुणीही फसवू शकतं. संगणकाच्या बाबतीत आज आपण अंगठेबहाद्दर आहोत. आणि आपण शिकलो नाही तर नववी-दहावीच्या मुलींना कोण शिकवणार? दुकानात मुलगे तासन्‌तास उभे राहून बघत शिकतात, मुलींना ती संधी मिळत नाही. शाळेच्या संगणक खोलीत एका दुपारी आठ-दहा मुलींनी स्वतः पेनड्राइव्ह तयार केला, एखादं जुनं यंत्र त्यावरून सुरू केलं, तर त्यांच्या मनातली यंत्राची भीती कायमची जाईल.

शेवटी कामाची यादी. एक लिफाफा घ्या. त्यात विंडोजचा बूट होणारा पेनड्राइव्ह ठेवा आणि लिनक्सचा दुसरा. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद केलेली असू शकते. तिची 48 अंकी किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून त्याच लिफाफ्यात ठेवा, कारण बाहेरून यंत्र सुरू केल्यावर तीच मागितली जाते. किल्ल्या अशा एकत्र ठेवल्यामुळे लिफाफा मात्र कुलपात आणि संगणकापासून दूर राहू द्या. फॉन्ट आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरची प्रत ठेवा. डिस्कच्या प्रतिमेची बाहेरची हार्ड डिस्क वेगळ्या कपाटात ठेवा आणि महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर असू द्या. वर तारीख लिहा. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यावरचा मजकूर खराब होऊ शकतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तो पुन्हा तयार करून तपासा. मुख्याध्यापक बदलले तर कपाटाच्या किल्ल्यांबरोबर हा लिफाफाही सही घेऊन सुपूर्द करा.

या सगळ्याला एक पेनड्राइव्ह, इंटरनेट आणि एक दुपार लागते. तवक्कल म्हणजे हातपाय न हलवता बसणं नव्हे, हे आपण मुलांना उंटाच्या गोष्टीतून शिकवतो. या रविवारी तोच धडा आपल्या संगणकावर करून बघा, आणि पुढच्या वेळी दुकानात कुणी फॉरमॅटचं नाव काढलं तर सांगा, "थांब भाऊ, आधी माझ्या पेनड्राइव्हवरून सुरू करून बघू."